वऱ्हाडात काशी का झाली नाही?

कारंजा शहराच्या जुन्या तटाला चार वेशी: दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. वेशीला नाव पडते ते तिथून निघणाऱ्या वाटेवरून, आणि वाटेला नाव पडते ते लोक जिथे जातात त्या गावावरून. एकीकडे बादशहाची दिल्ली आणि दुसरीकडे अडाण-अरुणावतीच्या खोऱ्यांतला दारव्हा, अशी जोडी एकाच तटावर नांदते याचे आज कुणाला नवल वाटत नाही. वाटायला हवे. मध्ययुगीन शहरांच्या धार्मिक-सांस्कृतिक कार्याची चर्चा आपल्याकडे देवगिरीपासून सुरू होते, पैठण-पंढरपूरला मुक्काम करते आणि फार तर बुऱ्हाणपूरपर्यंत पोहोचते. वऱ्हाड त्यात प्रस्तावनेपुरते येते: महानुभावांचे रिद्धपूर, एखाद्या वाक्यात माहूर, आणि पुढचे प्रकरण सुरू. या प्रांताला पैठणसारखी धर्मसभा नाही की पंढरपूरसारखी वारी नाही, म्हणून इथल्या शहरांनी सांस्कृतिक काम थोडेच केले, असा निष्कर्ष न बोलता काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो. शहराने जे धार्मिक काम करायचे ते वऱ्हाडात एका शहराने केले नाही. चार-पाच गावांनी ते आपसांत वाटून घेतले आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांवरच्या कसब्यांनी ते चालू ठेवले. म्हणूनच राजधान्या बुडाल्या तरी ते काम बंद पडले नाही. हे चित्र राजधानीतून दिसत नाही, दारव्ह्यासारख्या मधल्या गावातून दिसते.

या विषयावरची रूढ मांडणी युरोपातून आली आहे. बेल्जियमचे इतिहासकार आंरी पिरेन यांचे मध्ययुगीन शहरांवरचे पुस्तक 1925 साली आले. बिशपची गादी असलेली जुनी तटबंदीची गावे आणि त्यांच्या पायथ्याशी वाढलेली व्यापाऱ्यांची वस्ती, या दोहोंच्या मिलाफातून शहर घडले, असे त्यांनी दाखवले. मॅक्स वेबरचा शहरावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1921 साली छापला गेला. शपथेने बांधलेला नागरिकांचा समुदाय ही त्याच्या लेखी शहराची खूण, आणि भारतात जातींनी तो होऊ दिला नाही हा त्याचा निर्णय. दोघांच्याही मनात एकच नकाशा आहे: एक तट, त्याच्या आत एक मुख्य देवालय, एक बाजार, एक न्यायासन. हा नकाशा घेऊन वऱ्हाडात आले की हाती काही लागत नाही. इथे बिशप नव्हता. भट्टारक, म्हणजे दिगंबर जैनांचा गादीवरचा आचार्य, होता तो कारंज्याला, महंत होता तो माहूरच्या शिखरावर, मुजावर मंगरूळपीरला आणि माहात्म्य सांगणारा क्षेत्रोपाध्याय वाशीमला. चार गाद्या, चार गावे, चार वेगळे भाविकवर्ग. यातल्या प्रत्येक गावाकडे सुटे पाहिले तर ते अपुरे वाटते. एकत्र पाहिले तर एका मोठ्या धर्मनगरीची सगळी अंगे हजर आहेत.

कारंज्यापासून सुरुवात करू, कारण दारव्ह्याचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत श्रीमंत शेजारी तोच. दत्तसंप्रदायाच्या परंपरेप्रमाणे नृसिंहसरस्वतींचा जन्म कारंज्याचा, चौदाव्या शतकातला. पण गुरुचरित्राचा भूगोल पाहिला तर हा पुरुष कारंज्यात राहत नाही. मुंजीनंतर काशीची वाट धरतो आणि पुढे त्याचे सारे कार्य नरसोबाची वाडी आणि गाणगापूर या कृष्णा-भीमेच्या काठांवर होते. जन्मस्थान म्हणून कारंज्याचा गाजावाजा झाला तो विसाव्या शतकात. म्हणजे ज्या कारणासाठी आज हजारो लोक कारंज्याला उतरतात, ते कारण मध्ययुगातल्या कारंज्याला फारसे लागू नव्हते. त्या कारंज्याचे खरे धर्मकार्य जैनांच्या मंदिरांत चालले होते. दिगंबर परंपरेतल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन शाखांची तीन मंदिरे या एका गावात आहेत. या शाखांचे आचार्य वेगळे, त्यांचे अनुयायी घराणेवार वेगळे, आणि मतभेदही होतेच. तरी पेठ एकच.

या मंदिरांतल्या पोथ्यांचा कारभार जवळून पाहण्यासारखा आहे, कारण शहर म्हणजे काय हे तिथे कळते. एखाद्या व्यापारी घरातले व्रत पुरे झाले की उद्यापनाला ग्रंथदान करण्याची रीत होती. लेखकाला, म्हणजे नकलनविसाला, मेहनताना देऊन जुन्या ग्रंथाची नवी प्रत करून घ्यायची, ती कापडी वेष्टनात बांधायची आणि मंदिराच्या भांडारात ठेवायची. अशा पोथीच्या शेवटी चार ओळींची पुष्पिका असे: संवत् किंवा शक, गावाचे नाव, गादीवरच्या भट्टारकाचे नाव, दान देणाऱ्याचे घराणे, कधी त्याच्या बायकोचे आणि मुलांचेही नाव. पुण्य दात्याला, प्रत भांडाराला, मजुरी लेखकाला. यात राजा कुठेच नाही. कागद-शाई विकत मिळणारा बाजार, अक्षर जाणणारा कारागीर, खर्च सोसणारा सावकार आणि पोथी सांभाळणारी गादी या चार गोष्टी एका ठिकाणी जुळल्या की हे चक्र फिरते. खेड्यात ते फिरत नाही आणि छावणीच्या गावातही नाही.

त्या चक्राने काय वाचवले? दहाव्या शतकात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट इथे पुष्पदंत हा अपभ्रंश कवी लिहीत होता. 972 साली माळव्याच्या परमारांनी मान्यखेट लुटले आणि काही वर्षांत राष्ट्रकूटांचे राज्यच संपले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी विसाव्या शतकात कारंज्याची भांडारे धुंडाळली तेव्हा त्याच पुष्पदंताची काव्ये तिथे निघाली. 1930 च्या दशकात ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’, ‘पाहुडदोहा’ असे ग्रंथ कारंज्याच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून छापले गेले आणि मराठी-हिंदीच्या पूर्वरूपांचा अभ्यास पुढे सरकला. ग्रंथ राजधानीत रचले गेले आणि व्यापारी गावात टिकले. अचलपूरलाही जैन ग्रंथरचना होत होती: चितोडहून आलेल्या हरिषेणाने 988 साली ‘धम्मपरिक्खा’ अचलपुरात रचली, तेव्हा ते नांदते जैन केंद्र होते.

आता माहूर. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची सरकारे, म्हणजे जिल्हे, मोजली आहेत, त्यात माहूर हे एक सरकार. हिशेबाच्या या वहीत माहूरची नोंद वाचण्यासारखी आहे. डोंगरावरचा बळकट किल्ला, त्याच्या लगत देवीचे देऊळ, आणि लगेच पुढच्या वाक्यात इथल्या म्हशी उत्तम जातीच्या असून एकेक अर्धा मण आणि त्याहून अधिक दूध देते ही माहिती. मग जमीनदाराचे नाव, त्याचे शंभर स्वार आणि हजार पायदळ. मोगल कारकुनाला देऊळ आणि दूध एकाच ओळीतल्या गोष्टी वाटल्या यात त्याचा अरसिकपणा शोधू नये. मुलखाची ताकद मोजताना देवस्थानाला वगळून चालत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. रेणुका, दत्त आणि अनसूया यांची तीन शिखरे, किल्ल्याचा पहारा आणि पायथ्याची वस्ती. त्यातच सोनापीर आणि शेख फरीद यांची स्थाने. हे सगळे एका डोंगररांगेत आहे, पण बाजार म्हणून माहूर कारंज्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. माहूरकडे अधिकार होता. कुलदेवता म्हणून रेणुका मानणारी घराणी सगळ्या महाराष्ट्रात आणि तेलंगणात पसरली होती, आणि लग्नकार्यानंतर त्यांचे पाय तिकडे वळत. दत्ताची ओढ तर याहून लांबवरची. बिदरच्या राज्यात देशपांड्याच्या घरी जन्मलेले दासोपंत दत्ताच्या शोधात माहूरला येऊन राहिले असे त्यांचे चरित्र सांगते. पुढे ते अंबाजोगाईला स्थिरावले आणि लांबलचक पासोडीवर लिहीत बसले.

माहूरच्या या अधिकाराची सर्वांत मोठी साक्ष त्याच्या विरोधकाने दिली आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी आपल्या अनुयायांना घालून दिलेल्या आचारात मातापूर, म्हणजे माहूर, आणि कोल्हापूर इथे जाऊ नये असा निर्बंध आहे. तिथल्या देवता साभिमान, जाणाऱ्याला आपल्याकडे ओढणाऱ्या. ज्या ठिकाणी जायला बंदी करावी लागते, तिथे शिष्य जात होते हे उघड आहे. आणि गंमत पुढेच आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांत माहूरचे दत्तात्रेयप्रभू आहेतच. द्वारावतीचे श्रीकृष्ण, माहूरचे दत्तात्रेय, मूळचे फलटणचे चक्रपाणी, रिद्धपूरचे गोविंदप्रभू, पैठणचे चक्रधर: देवाच्या पाच अवतारांची यादी वाचताना पाच गावांची यादी हाती येते. मूर्तिपूजा, तीर्थ, सोवळे-ओवळे या सगळ्यांना नकार देणाऱ्या पंथाला आपले दैवत सांगताना गावाचे नाव टाळता आले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. संतांचा धर्म शहराबाहेर वाढला, चक्रधर झाडाखाली राहा म्हणाले, गोविंदप्रभूंचे रिद्धपूर हे तर खेडे. मग शहराचा संबंध काय? आक्षेप वजनदार आहे. पण रिद्धपूरच्या लीळा वाचा. गोविंदप्रभू दिवसभर फिरतात ते बाजारातून, देवळांतून, दुकानांच्या ओळीतून, वेगवेगळ्या जातींच्या घरांतून. मन मानेल त्या घरात शिरतात, मन मानेल ते उचलून खातात. गावात देवळे अनेक, व्यवसाय अनेक, परगावचे येणारे-जाणारे अनेक. असा वेडा अवतार रानात शोभत नाही. नियम मोडायला आधी नियमांनी बांधलेली दाट वस्ती लागते. चक्रधरांच्या पश्चात शिष्यमंडळी एकत्र राहिली ती रिद्धपुरातच. महदंबेचे धवळे तिथे, गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून रचले गेले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध केले तेही तिथल्याच वर्तुळात, गावोगाव फिरून, आठवणी सांगणाऱ्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून. फिरून गोळा करायचे काम वाटांवर झाले. पारखायला आणि लिहायला मात्र एक मुक्कामाचे गाव लागले. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे, ते याच मुक्कामाच्या नावावर.

दुसरा आक्षेप अर्थकारणवाल्यांचा. शहरे बाजाराने आणि लष्कराने उभी राहिली, धर्म हा वरचा रंग. बाजार उठला की रंग उडतो. वऱ्हाडचा इतिहास याला नेमके उलटे उत्तर देतो. अचलपूर ही फत्तेउल्ला इमादउल्मुल्काने 1490 साली सुरू केलेल्या इमादशाहीची राजधानी. 1574 साली अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली आणि 1596 साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. राजकारण तीनदा पालटले, पण दुल्हा रहमान शाहांच्या दर्ग्याकडे आणि जवळच्या मुक्तागिरीकडे माणसे येतच राहिली. कारंज्याला तर 1670 साली शिवाजी महाराजांच्या फौजेने असे धुतले की चार हजार बैल आणि गाढवे सोने-रुपे-कापडाने लादून नेल्याची नोंद जदुनाथ सरकारांनी दिली आहे. बायकी वेशात निसटलेले सोडून सारे धनवान धरून नेले म्हणतात. एवढा घाव बसूनही भट्टारकांच्या गाद्या उठल्या नाहीत आणि पोथ्या जागच्या जागी राहिल्या. पोथीला लुटीत किंमत नसते, हे एक कारण. दुसरे असे की गादीचे अनुयायी एकट्या कारंज्यात नव्हते. आसपासच्या कसब्यांतून, दूरच्या पेठांतून पसरले होते, आणि शहर लुटले गेले तरी वर्गणी देणारे हात सगळे एकदम लुटले गेले नाहीत. माहूरला तर बाजाराचा आधार कधी मोठा नव्हता, आणि किल्ल्याचे महत्त्व संपून शतके लोटली. तिथली गर्दी वाढलीच आहे. बाजार शहर उभे करतो हे मान्य. ते कशावर टिकते, हा प्रश्न निराळा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. शहराने धर्म सांभाळला तो कुणाचा? मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना 1338 साली दरड कोसळली आणि तिच्याखाली वेठीची माणसे चिरडली. त्यांत चोखोबा होते. परंपरेने विदर्भातल्या मेहुणा राजाचा मानला जाणारा हा संत शहराचा तट बांधताना मेला, आणि त्याची समाधी पंढरपुरात देवळाच्या आत नाही, पायरीजवळ आहे. मध्ययुगीन नगराची याहून नेमकी व्याख्या वेबरलाही जमली नसती. रिद्धपुरात गोविंदप्रभूंनी पाण्यासाठी तळमळणाऱ्या अस्पृश्यांना विहीर खणून दिल्याची लीळा आहे. ती दिलासा देते तशीच हेही सांगते की गावच्या विहिरी त्यांना बंद होत्या. जैन पुष्पिकांत दात्याच्या बायकोचे नाव येते, पोथी शिवणाऱ्याचे आणि कागद घोटणाऱ्याचे येत नाही. वाटून घेतलेल्या धर्मनगरीत हा एक वाटा प्रत्येक गावाने सारखाच नाकारला. म्हणून ‘समन्वयाची भूमी’ वगैरे शब्द या प्रांतासाठी वापरताना मी हात आखडता घेतो. वेगवेगळे पंथ शेजारी राहिले याचा अर्थ ते एकमेकांत मिसळले असा नव्हे. अचलपूरच्या दर्ग्याची आख्यायिका तिथल्या ईल राजाशी झालेल्या लढाईचीच आहे. खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली आणि ती शिष्यांच्या पाठांतरातून पुन्हा लिहावी लागली, असे महानुभाव सांगतात. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. बाहेरच्याला वाचता येऊ नये इतका अविश्वास आणि तरीही त्याच पेठेत व्यवहार: हे सहजीवन असेच होते.

मंगरूळपीर आणि वाशीम यांच्याबद्दल थोडक्यात. मंगरूळला हयात कलंदरांचा दर्गा, त्याने गावाच्या नावाला शेपूट जोडले. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजधानी गेल्यावर तिथल्या पुरोहितांनी माहात्म्यात एकशे आठ तीर्थे मोजून दाखवली आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूने बालाजीचे देऊळ बांधले. गेलेल्या वैभवाची भरपाई माहात्म्याने करण्याचा हा प्रकार सगळीकडे दिसतो, वाशीमने तो जरा जास्त नेटाने केला.

मग दारव्हा कुठे बसतो? वायव्येला कारंजा, पश्चिमेला मंगरूळ आणि वाशीम, दक्षिणेला माहूर, उत्तरेला दूर रिद्धपूर आणि अचलपूर. यातल्या कुठल्याही दोन गावांमध्ये माणूस, माल किंवा पोथी हलायची तर मधल्या कसब्यांतून हलणार. कसब्याचा आठवडी बाजार, मुक्कामाची धर्मशाळा, पाण्याची विहीर, गाडी दुरुस्त करणारा सुतार, सांगावा नेणारा गोसावी, यांच्याशिवाय भट्टारकाची वर्गणी, देवीचा नवस आणि उरुसाची चादर पोहोचत नाही. माल वाहणारे होते बंजारे. हजारो बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य नेणाऱ्या या लोकांनी आपले धर्मस्थान उभे केले ते कुठल्याही शहरात नाही, तर पोहरादेवीला, संत सेवालाल महाराजांच्या ठिकाणी. दारव्हा-दिग्रसकडून ते जवळ आहे. रस्त्यावर जगणाऱ्यांनी शहराच्या दाराशी न थांबता रस्त्याच्या कडेला तीर्थ केले, ही वाटणीची पद्धत किती खोल रुजली होती याची खूण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कापसासाठी टाकलेली नॅरोगेज, जिला लोक शकुंतला म्हणतात, तिची आखणी पाहा: अचलपूर, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. इंग्रज कंपनीला दत्त, दर्गा किंवा भट्टारक यांचे काही देणेघेणे नव्हते. तिने कापसाच्या पेठा जोडल्या, आणि पेठा होत्या तिथेच जुन्या गाद्या होत्या.

या विषयाचे साधन अजून अर्धे घरांत आहे. महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी शारदाश्रमातून उभा केला तो मठांच्या दारात जाऊन, मागून, समजूत काढून. कारंज्याची भांडारे हीरालाल जैनांना उघडली गेली म्हणून अपभ्रंश साहित्य छापले गेले. कसब्यांचे असे काम कुणी केले नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, मानोरा या पट्ट्यात देशमुख-देशपांड्यांच्या, सावकारांच्या, मुजावरांच्या आणि तांड्यातल्या नायकांच्या घरी जुन्या वह्या, सनदा, वंशावळी आणि पोथ्या माळ्यावर पडून असतील, तर त्या वाळवी लागण्याआधी खाली काढाव्यात, पानन् पान छायाचित्रे घ्यावीत आणि एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्यावी. मूळ कागद घरातच राहू द्यावेत.